बारा वर्षांच्या देणग्या एका कागदावर मांडल्यावर : लहान कौटुंबिक न्यास पैसे कोणाला, कधी आणि का देतात?

बाहेरचा विश्वस्त (धागाकर्ता)

सोलापुरातील एका लहान कौटुंबिक न्यासावर मी दोन वर्षांपूर्वी विश्वस्त म्हणून आलो. सातपैकी सहा विश्वस्त एकाच घरातले आहेत. मी एकटा बाहेरचा, आणि उभे आयुष्य बँकेत गेल्यामुळे ‘हिशेब बघायला कोणीतरी असावे’ म्हणून घेतलेला. न्यासाचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न त्या एका घराचा नाही. चादरी-टॉवेलच्या धंद्यात चार पैसे उरले तेव्हा आजोबांनी काही रक्कम बाजूला काढली आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) न्यास नोंदवला. रक्कम मुदत ठेवींत राहिली आणि तिच्या व्याजातून दरवर्षी कोणाला शिष्यवृत्ती, कोणाला कपाट, कोणाला औषधपाणी दिले जाऊ लागले. या वर्णनात बसणारे न्यास आपल्या शहरात पेठेपेठेत निघतील.

गेल्या दिवाळीत मी देणग्यांच्या वह्या घरी आणल्या. सगळ्या लाल कापडी बांधणीच्या. जुन्या वह्या आजोबांच्या हातच्या, अलीकडच्या त्यांच्या थोरल्या सूनबाईंच्या. मागच्या बारा वर्षांच्या नोंदी मी एका मोठ्या कागदावर उतरवून पाच रकाने पाडले: कोणाला, किती, कोणत्या महिन्यात, कशासाठी, आणि कोणाच्या शब्दावर. शेवटचा रकाना वहीत नव्हता. तो मी एकेका विश्वस्ताला विचारून भरला आणि सगळ्या कागदात तोच सर्वांत बोलका निघाला.

निम्म्याहून अधिक नावे दरवर्षी तीच आहेत. रक्कम तीन-चार वर्षे तीच राहते आणि मग एकदम पुढच्या गोल आकड्यावर जाते. मधल्या काळात त्या संस्थेची गरज वाढली की घटली याचा तिच्याशी काही संबंध दिसत नाही. बहुतेक धनादेश मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघालेले आहेत. कपाटे, बाके, पंखे, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, रंगरंगोटी यांसाठी पैसे आहेत, पण कोणा माणसाच्या पगारासाठी वा मानधनासाठी बारा वर्षांत एकही नोंद नाही. देणग्यांचा भूगोलही आजोबांच्या पायी फिरण्याच्या टप्प्यातला आहे: सिद्धेश्वर पेठ, साखर पेठ, नवी पेठ, फार तर अशोक चौक. शहर जुळे सोलापूरच्या पुढे सरकले, कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरे झाली, त्यानंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. आमच्या वहीला मात्र यातले काहीच ठाऊक नाही.

आता शेवटचा रकाना. अर्ज करून नव्याने यादीत आलेली संस्था शोधायला मला बराच वेळ लागला. अर्जांची फाईल जाड आहे, पण जवळजवळ प्रत्येक नवे नाव कोणाच्या तरी ओळखीने, लग्नातल्या पंगतीत झालेल्या बोलण्यातून किंवा ‘आमच्या डॉक्टरांनी सांगितले’ म्हणून आलेले आहे.

यात गैर काही घडले आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पै-पैचा हिशेब आहे. ही घडण कोणी ठरवून केली नाही, ती होत गेली. यातले काय राखावे आणि काय मोडावे, याबद्दल ज्यांनी दिले आहे आणि ज्यांनी घेतले आहे अशा दोघांचेही ऐकायला आवडेल.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे आणि अशा आठ-दहा न्यासांचे लेखापरीक्षण करतो. मार्चच्या गर्दीपुरते बोलतो, कारण तिचा दोष अर्धा आमच्याकडे येतो.

करमाफी टिकवायची तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग आपल्या उद्देशांवर खर्च करावा लागतो. १५ टक्के विनाअट मागे ठेवता येतो. समजा ठेवींवर ७,००,००० रुपये व्याज आले, तर ५,९५,००० रुपये वर्षात खर्ची पडले पाहिजेत, आणि तेही प्रत्यक्ष दिलेले असावे लागतात, नुसता ठराव करून भागत नाही. व्याजाचा नेमका आकडा वर्षअखेरीस कळतो, म्हणून विश्वस्त हात आखडून बसतात आणि १५ मार्चनंतर मला दूरध्वनी येऊ लागतात: ‘साहेब, अजून किती घालवायचे राहिले?’ हे ‘घालवायचे’ क्रियापद मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा रागही येईनासा झाला आहे.

कायद्याने मात्र मार्चची सक्ती केलेली नाही. उत्पन्न हाती आले नसेल किंवा दुसऱ्या काही कारणाने खर्च राहिला असेल, तर मुदतीत ९ए हा नमुना भरून तो पुढील वर्षी करण्याचा पर्याय आहे. विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवायची असेल तर १० क्रमांकाचा नमुना आहे. यातील एक गोम पुष्कळांना ठाऊक नसते: अशी साठवलेली रक्कम दुसऱ्या न्यासाला देणगी म्हणून देता येत नाही, ती स्वतःच खर्च करावी लागते. जो न्यास फक्त इतर संस्थांना धनादेश देतो त्याला या साठवणीचा उपयोग नाही. जो स्वतः विद्यार्थ्यांची फी भरतो त्याला आहे.

दुसरी गोष्ट. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या १०० रुपयांपैकी ८५ च रुपये खर्च म्हणून धरले जातात. त्या न्यासाच्या मूळ निधीत द्यावेत अशी अट घालून दिले, तर एकही रुपया धरला जात नाही. विद्यार्थ्याच्या नावे महाविद्यालयाला भरलेली फी, रुग्णाचे औषध, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी स्वतः विकत घेतलेली बाके मात्र पूर्ण धरली जातात. रोखीने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर देऊ नये, तेही धरले जात नाही. हे सर्व १९६१ च्या आयकर कायद्याच्या रचनेनुसार आहे. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांची मांडणी बदलते, तेव्हा ती आपापल्या लेखापालाकडून तपासून घ्यावी.

आणखी एक जाता जाता. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३१अ कलमान्वये पुढील वर्षाचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याआधी धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असते. माझ्याकडील बहुतेक न्यास मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकावरची तारीख बदलतात. देणग्यांचा विचार करायला कायद्याने दिलेली ती एकमेव बैठक असते आणि ती आपण टंकलेखकाच्या हवाली करतो.

तिसरी पिढी

आमच्या घरातही असाच न्यास आहे आणि मी त्याची सर्वांत तरुण विश्वस्त आहे, म्हणून थोडी बाजू मांडते.

धागाकर्त्यांनी ‘तीच तीच नावे’ हे दुखणे असल्यासारखे मांडले आहे. मला ते तसे वाटत नाही. आमच्या यादीतील एका विशेष मुलांच्या शाळेला आजीच्या काळापासून दरवर्षी पैसे जातात. रक्कम लहान आहे. पण ती येणार हे त्या शाळेला जूनमध्येच माहीत असते आणि तिच्या भरवशावर शाळा मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्याशी वर्षाचा करार करते. एका वर्षी आम्ही ‘नव्या संस्थांना संधी द्यावी’ म्हणून ती देणगी थांबवली, तेव्हा रिक्षा बंद झाली आणि काही मुले घरी बसली. पुढच्या वर्षी आम्ही गुपचूप पुन्हा सुरू केली. दरवर्षी नवे शोधण्याच्या उत्साहाची किंमत कोण भरतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

ओळखीने देण्याबद्दलही असेच. दान सत्पात्री असावे असे आपण म्हणतो, तर पात्र ओळखल्याशिवाय ते कसे द्यायचे? आमच्याकडे पगारी माणूस नाही. महिन्यातून दोन तास काढून पाच माणसे हे काम करतात. सुरेख अर्ज लिहिता येणारी संस्था चांगली असतेच असे नाही, आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाही अशा चांगल्या संस्थाही आम्ही पाहिल्या आहेत.

एक गोष्ट मात्र कबूल करते, कारण ती वहीत कधीच दिसत नाही. आमच्या देणग्यांची खरी रचना उद्देशांवर नाही, भावांवर आहे. आजोबा गेल्यावर भांडण नको म्हणून आजीने ठरवून दिले की प्रत्येक भावाने सारख्या रकमेची नावे सुचवावीत आणि इतरांनी त्यात बोलू नये. घर शांत राहिले. पण एक काका पुण्याला स्थायिक झाले तशा त्यांच्या वाट्याच्या देणग्याही हळूहळू पुण्याला गेल्या. न्यासपत्रात ‘सोलापूर व परिसर’ लिहिले आहे. ‘परिसर’ हा शब्द फार सोशिक आहे.

कार्ड क्रमांक ४१२

मी शहरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात काम करतो. येथे घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आमच्या मुख्य दालनात लोखंडी कपाटे ओळीने उभी आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ पितळी पट्टी आहे. त्यातली दोन कपाटे रिकामी आहेत. पुस्तके नाहीत म्हणून नव्हे. पुस्तके आतल्या खोलीत गठ्ठ्यांत बांधून ठेवली आहेत, कारण त्यांची दाखल नोंद करून, क्रमांक घालून, कपाटात लावायला माणूस नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील वर्गवारीनुसार शासनाचे अनुदान मिळते, ते हप्त्यांनी येते आणि त्यात सेवकाचा पगार जेमतेम निघतो. सकाळी सात वाजता अभ्यासिका उघडण्यासाठी एक मुलगा येतो. त्याला आम्ही जे देतो ते सांगायची लाज वाटते, म्हणून सांगत नाही. तो तलाठी भरतीची तयारी करतो. ज्या दिवशी त्याची स्वतःची परीक्षा असते त्या दिवशी इतर पन्नास मुले दाराबाहेर पायऱ्यांवर बसून वाचतात.

तीन वर्षांपूर्वी एका कौटुंबिक न्यासाकडे या मुलाच्या मानधनासाठी अर्ज केला होता. दोन महिन्यांनी एक विश्वस्त स्वतः आले, अत्यंत सज्जन गृहस्थ, सगळे दालन फिरून पाहिले आणि म्हणाले, “मानधनाचे जरा अवघड आहे, ते दिसत नाही. कपाट देऊ का?” आम्ही घेतले. नाही कसे म्हणणार? पुढच्या वर्षी पुन्हा जायचे असते.

देणारा एकाच कामाला धरून बसला तर काय होते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० च्या दशकात आपली मालमत्ता जैन संस्कृति संरक्षक संघाच्या कामासाठी दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांच्या संपादनाखाली प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघाल्या आणि त्या आजही अभ्यासकांना लागतात. तो पैसा हस्तलिखिते ताडून पाहण्यात, मुद्रिते तपासण्यात, म्हणजे माणसांच्या वेळेवर खर्च झाला. त्याची पट्टी कोणत्या दारावर लावणार?

शंकासूर

सगळे फार सुसंस्कृत चालले आहे, म्हणून एक टोचणारा प्रश्न. धागाकर्त्यांनी पाच रकाने पाडले, सहावा का नाही पाडला? शिष्यवृत्तीच्या यादीतली आडनावे. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती अशा सगळ्या भाषांची घरे आहेत आणि प्रत्येक समाजाचे स्वतःचे न्यास आहेत, ते मी समजू शकतो. पण ज्यांच्या न्यासपत्रात ‘सर्व समाजातील गरजू विद्यार्थी’ असे लिहिलेले असते, त्यांच्याही याद्या वाचून पाहाव्यात.

ताळेबंद

शंकासूर यांच्या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९६२ पासून पुढे स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्या विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या लाभासाठी असेल, तर त्याला आयकराची माफी मिळत नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठी असलेला न्यास त्या अर्थाने जातीपुरता समजला जात नाही. त्यामुळे न्यासपत्रे सर्वसमावेशक भाषेत लिहिली जातात. तपासणारा अधिकारी न्यासपत्र वाचतो. यादीतली आडनावे वाचणे त्याच्या कामात सहसा येत नाही.

विश्वस्तांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि मोठ्या देणगीदारांना न्यासाच्या पैशाचा लाभ मात्र खरोखर तपासला जातो आणि त्यात माफी धोक्यात येते. एका विश्वस्ताच्या सख्ख्या भावाच्या मुलीला शिष्यवृत्ती देण्याचे एक प्रकरण मी वेळीच थांबवले होते. मुलगी हुशार आणि खरोखर गरजू होती. तिच्या वडिलांनी माझ्याशी बोलणे सोडले, ते अजून सुरू झालेले नाही.

विडीवालीची लेक

हा धागा तीन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही हे ठरत नव्हते. मी अशा एका न्यासाची लाभार्थी आहे. ‘लाभार्थी’ हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा सापडत नाही.

आमची आई कारखान्यातून पान-तंबाखू आणून दिवसाला हजार विड्या वळायची. छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली की तेवढ्यांची मजुरी बुडायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या यादीत माझे नाव लागले तेव्हा पाच दिवसांत पहिला हप्ता भरायचा होता. शासनाची शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती नंतर. जागा राखायची तर आधी भरा. शेजारच्या बाईंनी एका म्हाताऱ्या शेटजींकडे नेले. त्यांनी अर्ज मागितला नाही. गुणपत्रिका पाहिली, प्रवेशाचे पत्र पाहिले, समोरच महाविद्यालयाच्या कार्यालयात दूरध्वनी लावून रक्कम विचारून घेतली, आणि धनादेश आमच्या नव्हे, महाविद्यालयाच्या नावाने लिहिला. म्हणाले, “पुढच्या जुलैत निकाल घेऊन ये.” तीन वर्षे मी दर जुलैत निकाल घेऊन गेले. ते चष्मा वर करून एकेका विषयाचे गुण वाचायचे आणि गणितात कमी पडले तर तसे तोंडावर सांगायचे.

ते वारल्यावर माझ्या धाकट्या भावाची वेळ आली. तोपर्यंत न्यासाने पद्धत बसवली होती. छापील अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, दोन ओळखीच्या व्यक्तींची शिफारस, आणि मार्चमध्ये समारंभ. भावाला व्यासपीठावर बोलावून पाकीट दिले, छायाचित्र काढले. पाकिटात पाच हजार रुपये होते. त्याची फी आम्ही आधीच्या ऑगस्टमध्ये भिशीतून उचलून भरली होती, आणि मार्चपर्यंत त्या उचलीवर जे व्याज चढले त्यात ते पाकीट गेले. न्यासाच्या वहीत आम्ही दोघेही ‘शैक्षणिक मदत’ याच रकान्यात असू आणि भावाची रक्कम माझ्यापेक्षा मोठी दिसत असेल.

मला नवीन विश्वस्तांना दोष द्यायचा नाही. नियम केल्यामुळे आमच्या शेजारच्या बाईंना ओळखत नसलेल्या मुलांनाही अर्ज करता आला असेल. धागाकर्त्यांच्या कागदावर महिन्याचा रकाना आहे, त्याच्या शेजारी एक रकाना वाढवता आला तर पाहावे: पैसे लागले कोणत्या महिन्यात.

परदेशस्थ सोलापूरकर

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहिणे कठीण आहे, तरी तुलनेसाठी एक माहिती देतो. अमेरिकेत कौटुंबिक प्रतिष्ठानांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. गुंतवणुकीच्या मूल्याच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटण्याचा नियम आहे, आणि कोणत्या संस्थेला, कशासाठी, किती दिले याची पूर्ण यादी त्यात असते. धागाकर्त्यांनी दिवाळीच्या सुटीत केला तो कागद तेथे कोणीही घरबसल्या करू शकतो. आपल्याकडे न्यासाचे हिशेब धर्मादाय कार्यालयात असतात, पण ते पाहायचे तर अर्ज करून नक्कल मागावी लागते.

त्या विवरणपत्रात एक चौकोन आहे. आपण फक्त आधीच निवडलेल्या संस्थांना देतो आणि न मागवलेले अर्ज स्वीकारत नाही, असे असेल तर त्यात खूण करायची. असंख्य लहान कौटुंबिक प्रतिष्ठाने ती खूण करतात. प्रथम मला हा उर्मटपणा वाटला होता. नंतर तेथील एका लहान संस्थेसाठी अर्ज लिहिण्याचे काम केले तेव्हा तो चौकोन उपकारासारखा वाटू लागला, कारण जेथे दार बंद आहे तेथे खेटे घालण्याचे वाचते. आपल्याकडे ‘विचार करू’ असे सांगून माणसाला चार वर्षे फिरवले जाते.

तिसरी पिढी

विडीवालीची लेक यांचा प्रतिसाद मी काल आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आत्याने विचारले, “आपला समारंभ मार्चमध्येच का असतो?” खरे कारण असे निघाले की एका वर्षी प्रमुख पाहुण्यांना मार्चची तारीख सोयीची होती.

माझे आधीचे म्हणणे मी मागे घेत नाही. नेमाने येणाऱ्या लहान देणगीचे मोल मला आजही वाटते. फक्त तो नेम घेणाऱ्याच्या सोयीचा आहे असे मी गृहीत धरले होते. रिक्षावाल्याच्या बाबतीत तो योगायोगाने तसा होता.

निवृत्त मुख्याध्यापिका

एक लहानशी भर. तीस वर्षे शाळेत काढली आणि देणगीदारांची बरीच सरबराई केली. लहान देणगीला मोठ्या देणगीइतकेच कागद लागतात, याकडे देणाऱ्यांचे लक्ष नसते. तीन हजारांच्या वह्यांसाठी पत्र, ठराव, तीन ठिकाणची दरपत्रके, उपयोगिता प्रमाणपत्र, छायाचित्रे, आणि वह्यावाटपाच्या दिवशी दोन तास उन्हात बसलेली मुले. त्या दिवशी पाचवीच्या दोन तासिका बुडाल्या त्या कोणत्या रकान्यात धरायच्या? वेतनेतर अनुदान वेळेवर येत नव्हते तेव्हा आम्हाला खडू आणि वीजबिल यांची चिंता असे. त्यासाठी एकदाच एका गृहस्थांनी “कशावर खर्च केले ते मला सांगू नका, मुलांना सांगा” म्हणून पैसे दिले. मी ते खरोखर फळ्यावर लिहून मुलांना सांगितले होते.

बाहेरचा विश्वस्त (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद छापून मी बैठकीत नेले. ती फेब्रुवारीत, अंदाजपत्रकासाठी बोलावली होती. एरवी ती चहा येण्याआधी संपते. या वेळी पावणेतीन तास चालली.

शिष्यवृत्तीची रक्कम आताच ठरवून बाजूला ठेवायची, ती जून ते ऑगस्टमध्ये थेट महाविद्यालयाच्या नावे भरायची आणि समारंभ करायचाच असेल तर निकालानंतर करायचा, हे एकमताने झाले. मागच्या वर्षीची ठेव मोडावी लागणार नाही एवढे मी आकडेमोड करून दाखवल्यावर धाकट्या बंधूंचाही विरोध गेला. व्याज किती येईल याची भीती निराधार होती: बारा वर्षांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फारसा फरक पडलेला नाही, हे त्याच कागदावरून दिसले. इतर संस्थांच्या देणग्या मात्र मार्चमध्येच राहिल्या. तेथे प्रत्येकाची स्वतःची माणसे आहेत आणि तो विषय निघताच आवाज चढू लागले, म्हणून मी सोडून दिला. शंकासूर यांचा सहावा रकाना मी घरी भरून पाहिला आहे. बैठकीत तो काढण्याचे धैर्य मला झाले नाही, हे येथे लिहून ठेवतो.

आलेल्या प्रत्येक अर्जाला महिन्याच्या आत होय किंवा नाही असे पोस्टकार्ड पाठवायचे ठरले. थोरल्या बंधूंना ‘नाही’ हा शब्द छापणे अशुभ वाटले, तेव्हा ‘या वर्षी शक्य होत नाही’ असा मजकूर झाला. मानधनाच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला. एकदा पगार सुरू केला की तो गळ्यात पडतो, हा आक्षेप खोटा नाही. शेवटी तीन वर्षांचा माझा प्रस्ताव मागे पडून एका वर्षाचा ठराव झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा विचार करायचे ठरले.

वहीत ‘कोणाच्या शब्दावर’ हा रकाना कायमचा आखावा, अशी माझी सूचना होती. दोघांना ती अपमानास्पद वाटली आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. सूनबाई तोवर गप्प होत्या. त्यांनी नवी वही पुढे ओढली, पट्टीने पाचवी रेघ मारली आणि एप्रिलची पहिली नोंद करण्यासाठी जुन्या फाईलमधून एक कागद मागून घेतला. शहराच्या पलीकडच्या टोकाच्या एका वाचनालयाचा तो अर्ज चार वर्षे तेथे पडून होता. अभ्यासिका उघडणाऱ्या मुलाचे बारा महिन्यांचे मानधन, असे त्यांनी ‘कशासाठी’च्या खाली लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: अर्ज.